शेवटचं अक्षर

दाराशेजारी फिकट लाकडाची एक पाटी होती आणि तिच्यावर इंग्रजीत चारच अक्षरं कोरलेली होती. एस, ओ, बी, ए. मी ती एकदा वाचली, पुन्हा वाचली आणि दार ढकलायला पुढे केलेला हात तसाच ठेवून उभा राहिलो. मागून आलेलं एक जोडपं मला वळसा घालून आत गेलं. बाईच्या अत्तराचा वास थोडा वेळ माझ्याजवळ रेंगाळला. पाटीखाली काचेच्या चौकटीत मेनूचं पान लावलेलं होतं, त्यावरही तोच शब्द, आणि खाली बारीक अक्षरांत त्याचा अर्थ: बकव्हीटच्या पिठाच्या, हाताने कापलेल्या जपानी शेवया. म्हणजे सोबा हे शेवयांचं नाव होतं. गेले आठ दिवस मी तो शब्द मनात घोळवत होतो. आज सकाळी रुवैसहून दुबईला निघाल्यापासून साडेतीन तास गाडी चालवताना तो एकदोनदा मोठ्याने म्हणूनही पाहिला होता. आणि तो माझा शब्द नव्हताच. साठाव्या वर्षी माणसाचा असा पोपट व्हावा, तोही भर दुपारी एका महागड्या हॉटेलच्या दारात, याचं मला हसू आलं. खरंच हसलो मी. आतली मुलगी दार उघडून म्हणाली, “वेलकम सर, रिझर्वेशन आहे का?” हे अर्थात तिने इंग्रजीत विचारलं. मी मिहिकाचं नाव सांगितलं.

झालं होतं ते असं. या महिन्याच्या अखेरीस माझी नोकरी संपते. अबू धाबीच्या पश्चिमेला, रुवैसच्या रिफायनरीत सव्वीस वर्षं मी मेंटेनन्सचं प्लॅनिंग केलं, म्हणजे कुठला पंप कधी बंद ठेवायचा, कुठला व्हॉल्व्ह कोणत्या तारखेला उघडायचा याची वेळापत्रकं बनवली. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि व्हिसा संपला की माणूस पुण्याला जातो, हे आमच्याकडे सगळे इतकं गृहीत धरतात की मला कुणी विचारलंही नाही. बाणेरला फ्लॅट घेऊन ठेवलेला आहे. त्यात कुणी कधी राहिलेलं नाही. उर्मिला, माझी बायको, जाऊन आता दोन वर्षं होतील. तिने त्या फ्लॅटसाठी निवडलेले पडदे अजून पिशवीतच आहेत. त्या घरात मी संध्याकाळी सात वाजता दिवा लावतोय आणि स्वयंपाकघरात जाऊन एका माणसाचा कुकर लावतोय, असं चित्र मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि मला भीती वाटली. साधी, सरळ भीती. म्हणून एका सोमवारी संध्याकाळी मी मिहिकाला मेसेज लिहायला बसलो. मिहिका माझी मुलगी. सत्तावीस वर्षांची आहे, दुबईत जाहिरातींच्या कंपनीत काम करते, एकटी राहते. मी अकरा ओळी लिहिल्या. मग त्यातलं व्हिसाचं खोडलं, रक्तदाबाचं खोडलं, तिच्या आईचं नाव घेतलं होतं ते खोडलं. प्लॅनरची सवय, नको ते काढत जायचं. शेवटी एकच वाक्य उरलं. तुझ्यासोबत राहू का. मिहिकाला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ते इंग्रजी अक्षरांत लिहिलं, पाठवलं आणि फोन पालथा ठेवून जेवायला उठलो.

चार दिवस उत्तर नव्हतं. शुक्रवारी आलं. ‘सोबा’, पुढे उद्गारचिन्ह, मग पुढच्या शनिवारी दीड वाजता, मी टेबल बुक करते, आणि एका उंच इमारतीचा नकाशा. आता ही पिढी अक्षरं खाते. ओकेचा नुसता के लिहिते, थँक्सचे दोनतीन टवके लिहिते. तिने सोबतमधला शेवटचा टी खाल्ला, यात मला काहीच वावगं दिसलं नाही. मी विचारलं होतं, तुझ्यासोबत राहू का. ती म्हणत होती, सोबत. आणि खरं सांगायचं तर होकारापेक्षाही मला त्या शब्दाचंच अप्रूप वाटलं. गेली अठरा वर्षं मिहिका माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघांनाही दोघांचं कळतं, इथल्या सगळ्याच घरांत असंच चालतं. तिने आपण होऊन एक मराठी शब्द लिहावा, तोही सोबत, हे मला पगारवाढीच्या पत्रापेक्षा मोठं वाटलं. मी लगेच पुण्याला माझ्या चुलतभावाला, नीरवला, फोन करून सांगितलं की फ्लॅटला रंग देऊ नकोस, मी येत नाहीये. ऑफिसात शेजारी बसणाऱ्या गनीला सांगितलं. गनीने खुर्चीतून उठून मला मिठी मारली. “बेटी के साथ? माशाल्ला, शैलेंद्रभाई. बस, खलास. और क्या चाहिए आदमी को.” मी त्याला पाणी पाजलं आणि स्वतःही प्यालो. आज सकाळी निघताना मी गाडीच्या डिकीत दोन बॅगा टाकल्या. हिवाळी कपडे, मिक्सर, उर्मिलाचा मसाल्याचा डबा. सामान हलवायचा पहिला टप्पा. आता ती गाडी या इमारतीच्या पोटात, तिसऱ्या तळघरात, उभी होती.

मला खिडकीजवळ बसवलं. टेबल इतकं साधं होतं की त्याची किंमत जास्त असणार हे लगेच कळत होतं. समोर काचेमागे एक जपानी आचारी पीठ लाटत होता, आपल्याकडे पोळपाटावर लाटतात तसं गोल नव्हे, चौकोनी, घडीच्या चादरीसारखं. मग त्याने त्याच्या घड्या घातल्या, वर एक लाकडी फळी ठेवली आणि रुंद पात्याच्या सुरीने कापायला सुरुवात केली. प्रत्येक काप दिला की फळी केसभर मागे सरकायची. टक, टक, टक. काचेमुळे आवाज फार येत नव्हता, पण मला तो दाढेत ऐकू येत होता. मी पाणी मागितलं. दारातल्या त्या मुलीने गरम पाण्यात भिजवलेला पांढरा रुमाल आणला. तो हात पुसायला असतो हे मला माहीत होतं, पण मी तो तोंडावर धरला आणि थोडा वेळ तसाच बसलो. मग आता प्रश्न असा होता की मिहिकाने मला शेवया खायला का बोलावलं. मी तिला तुझ्यासोबत राहू का असं विचारलं होतं आणि उत्तर म्हणून तिने एक हॉटेल दिलं होतं. आमच्या कंपनीत कुणाला काढायचं असलं की एचआरवाले आधी त्याला लंचला नेतात. चांगल्या ठिकाणी नेतात, दमाने जेवू देतात आणि कॉफीच्या वेळी विषय काढतात. माझ्या दोघा सहकाऱ्यांना असं नेलेलं मी पाहिलं होतं. दोघंही परत आल्यावर जेवण छान होतं असं म्हणाले होते. मला वाटलं, उठावं आणि निघून जावं, गाडीत बिघाड झाला असं कळवावं. पण मी उठलो नाही, कारण जायला दुसरीकडे कुठे नव्हतं.

आम्ही तिघं एकत्र असे कधी राहिलोच नाही, हेही खरं. रुवैसच्या शाळेत मिहिकाचं नाव घालायचं नाही असं उर्मिलाने ठरवलं आणि दुबईच्या जुन्या भागात, बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, फ्लॅट घेतला. त्या दोघी तिथे, मी रुवैसला कंपनीच्या खोलीत. तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची असायची. गुरुवारी पाळी संपली की निघायचं, रात्रीच्या जेवणाला बर दुबईत, आणि शनिवारी दुपारचं जेवून परत. वर्षात बावन्न आठवडे. प्लँट बंद ठेवून दुरुस्ती करायची त्या शटडाउनचे, आजारपणाचे, वादळी धुळीचे सोडले तर चाळीस खेपा नक्की. मी त्या मोजायचो आणि मला त्यांचा अभिमान वाटायचा. दारात चपला काढल्या की आतून येणारी शांतता मला आवडायची. रुवैसला चोवीस तास कुठेतरी काहीतरी घरघरत असतं, आणि इथे नुसतं फोडणीचं चुरचुरणं आणि मग तेही नाही. मिहिका अभ्यासाच्या टेबलाशी पाठमोरी बसलेली असायची. उर्मिला कुजबुजल्यासारखं बोलायची. माझ्या घरात भांडण नाही, टीव्हीचा कोलाहल नाही, मुलगी समजूतदार आहे, असं मी गनीला सांगायचो आणि गनी, ज्याच्या घरी चार मुलं होती, मान डोलवायचा. शनिवारी निघताना खाली येऊन मी एकदा वर पाहायचो. खिडकीत कुणी असलं तर हात करायचो. एकदा गाडीची किल्ली वर विसरली म्हणून जिना चढून परत गेलो, तर दाराबाहेरच मला आतून गाणं ऐकू आलं, मोठ्याने लावलेलं, आणि दोघींचं हसणं. मी बेल वाजवली आणि गाणं थांबलं. उर्मिलाने दार उघडलं, किल्ली दिली. तेव्हा मी जिना उतरताना इतकाच विचार केला की रहदारी लागायच्या आत अबू धाबी पार करायला हवं.

मिहिका आली ती जवळजवळ धावतच. गॉगल केसांत, एका हातात फोन. “सॉरी, सॉरी बाबा, पार्किंग वॉज हॉरिबल. ” तुला भूक लागली का, असं मराठीत नाही म्हणाली ती, ती म्हणाली, “यू मस्ट बी स्टार्व्हिंग.” मी म्हटलं, “नाही गं, आत्ताच आलो.” ती समोर बसली आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने पाहू लागली की मला काही कळेना. ती खूश होती. नकार द्यायला आलेलं माणूस असं दिसत नाही.

“सो,” ती म्हणाली, “सोबा. व्हेअर डिड दॅट कम फ्रॉम?”

“काय?”

“तुझा मेसेज” या अर्थाचं ती इंग्रजीत बोलत गेली. की ती तीन दिवस ऑफिसात सगळ्यांना सांगत होती, माझ्या बाबांनी सोबा खायचं म्हटलंय. माझे बाबा, जे कधीच काही मागत नाहीत. जे सत्तावीस वर्षं विचारलं की म्हणतात, काहीही चालेल. “यू डोन्ट नो व्हॉट दॅट मेंट टु मी, बाबा. यू ऑल्वेज से काहीही. काहीही चालेल. इट ड्राइव्ह्ज मी मॅड.” काहीही चालेल हे तिने माझ्या आवाजात म्हटलं, आणि ते इतकं माझ्यासारखं होतं की मी दचकलो. मग तिच्या मैत्रिणीने, इनायाने, तिला हे हॉटेल सुचवलं. इनाया दोन वर्षं ओसाकात होती, तिला कळतं. इथे टेबल मिळायला आठवडा लागतो. म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

ती मेनू पाहत होती तेव्हा मी टेबलाखाली फोन काढला आणि माझा मेसेज उघडला. गेल्या आठ दिवसांत मी तिचं उत्तर पन्नास वेळा वाचलं होतं. त्याच्या वरचं माझं स्वतःचं वाक्य मी पाठवल्यापासून एकदाही वाचलं नव्हतं. स्वतःचं लिहिलेलं कोण पुन्हा वाचतो. तिथे मी लिहिलं होतं: तुझ्या सोबा राहू का. टी नव्हता. फोनला हल्ली आपल्यापेक्षा जास्त कळतं; त्याने माझा शब्द दुरुस्त करून टाकला होता. म्हणजे अक्षर तिने खाल्लंच नव्हतं. माझ्याच बाजूने ते गळलं होतं, आणि नीरवचा फोन, गनीची मिठी, तळघरातल्या दोन बॅगा, सगळं त्या एका टीवाचून उभं होतं. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही वेळापत्रकात चूक निघाली नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं, पण पहिल्यांदा जे वाटलं ते वाईट नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. तिने नाही म्हटलेलं नव्हतं. तिला अजून कुणी काही विचारलंच नव्हतं. प्रश्न होता तसा माझ्याकडेच होता, आणि आता हवं तर विचारता येत होता किंवा हवं तर कायमचा गिळून टाकता येत होता.

वेताच्या जाळीवर करड्या रंगाच्या थंड शेवया आल्या, शेजारी काळसर पाण्याची वाटी, चिरलेली पात, हिरव्या तिखटाचा एवढासा गोळा. बकव्हीट म्हणजे काय ते मला चवीवरून कळलं. रुवैसला एक कानपूरचे शुक्ला होते, ते नवरात्रात कुट्टूच्या पुऱ्या आणायचे. तोच मातकट, उपाशीपोटी बरा वाटणारा वास. मी मिहिकाला तसं सांगितलं. ती म्हणाली, हाउ डू यू नो दीज थिंग्ज. मग तिने शेवयांचा एक झुबका उचलला, वाटीत अर्धा बुडवला आणि भुरकन आत ओढला. मोठ्याने. शेजारच्या टेबलावरचा जपानी माणूसही तसंच करत होता, आणि त्याच्याकडे बघून कुणी नाक मुरडत नव्हतं.

“यू हॅव टु मेक द साउंड,” मिहिका म्हणाली. “दॅट्स द होल पॉइंट. द एअर गोज इन, अँड यू गेट द स्मेल. ट्राय इट.”

मी प्रयत्न केला. ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेवया हनुवटीवर आल्या आणि मी त्या रुमालाने पुसल्या. ती हसली, पण हळू, आणि मग एकदम तोंडावर हात ठेवून म्हणाली, “ओह गॉड. सॉरी. यू हेट दॅट साउंड.”

“कुठला?”

“स्लर्पिंग. एनी साउंड.”

“मला? कोण म्हणालं?”

“आई.” मग ती बोलत गेली, मजेत, आपण काय सांगतोय हे न कळता. की गुरुवारी दुपारपासून घरात तयारी सुरू व्हायची. स्पीकर कपाटात. मैत्रिणींना यायची बंदी. आमटी भुरकायची नाही, खुर्ची ओढायची नाही, बाथरूमचं दार आपटायचं नाही, टाचांवर चालायचं नाही, कारण बाबांना आवाज आवडत नाही, बाबा दमून येतात. शनिवारी बाबा गेले की आई स्पीकर बाहेर काढायची आणि दोघी जोराजोरात नूडल्स भुरकायच्या. “लाइक अ फेस्टिव्हल. एव्हरी सॅटर्डे,” ती म्हणाली, आणि पुन्हा हसली.

मी असं कधीही म्हटलं नव्हतं. मला आठवतं तेवढं मी आठवून पाहिलं. पहिल्या वर्षी कधीतरी, ऐंशी तास शटडाउनवर काढून आलो होतो तेव्हा, जरा हळू असं म्हटलं असेन. एकदा. उर्मिलाने त्यातून एक अख्खा माणूस उभा केला होता, आवाज न चालणारा, आणि दर गुरुवारी मी येण्याआधी तो त्या घरात येऊन बसत होता. मी ज्या शांततेचं कौतुक करायचो ती माझ्याचसाठी, दर आठवड्याला, ताटासारखी वाढून ठेवलेली असायची. उर्मिलावर मला राग आला, दोन वर्षांत पहिल्यांदा. मग तो गेला, कारण तिने हे प्रेमानेच केलं असणार, आणि कारण विचारायला ती नव्हती. मला मिहिकाला सांगायचं होतं की तसं काही नव्हतं, मला आवाज चालायचा, मला तर ते गाणं हवं होतं. पण वीस वर्षं जुनी गोष्ट कुठल्या बाजूने उचलायची हे कळेना. म्हणून मी पुन्हा एक झुबका उचलला, मान खाली घातली आणि जिवाच्या कराराने भुरका मारला. तो इतका मोठा आला की काचेमागच्या आचाऱ्याने वर पाहिलं. मिहिका टाळ्या वाजवून हसू लागली. तिचा तो आवाज मी दाराबाहेरून ऐकला होता, समोर बसून पहिल्यांदाच ऐकत होतो. आपण घरी एकत्र राहिलो तर हा आवाज रोज ऐकायला मिळेल, असं माझ्या मनात आलं, आणि मी ठरवलं की विचारायचं.

शेवया संपल्यावर हॉटेलातली मुलगी लाखेचं चौकोनी भांडं ठेवून गेली. त्यात गढूळ, गरम पाणी होतं. मला वाटलं हात धुवायचं असेल आणि मी बाह्या सावरल्या. मिहिकाने माझं मनगट धरलं. “नो, नो. यू ड्रिंक इट.” शेवया ज्या पाण्यात उकडतात तेच हे पाणी, उरलेल्या वाटीत ओतायचं आणि प्यायचं. तिने माझ्या वाटीत ओतलं. मी एक घोट घेतला.

“पेज आहे ही,” मी म्हणालो.

“व्हॉट्स पेज?”

“तांदळाची करतात. तू लहानपणी तापात प्यायचीस. वाटीभर पेज आणि मेतकूट. दुसरं काही पोटात ठरायचं नाही तुझ्या.”

“यू रिमेंबर दॅट?”

खोटं बोलता आलं असतं. “नाही. आईने फोनवर सांगितलं होतं,” मी म्हणालो. तिने मान हलवली आणि आपली वाटी दोन्ही हातांत धरून पिऊ लागली. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता, आठ लेन, आवाज न करता धावणाऱ्या गाड्या. थोडा वेळ आम्ही दोघं तसेच गरम पाणी पीत बसलो. मला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटल्यावर पुढचं नीट होईल असं वाटायला लागतं, तसं मला वाटायला लागलं.

“बाय द वे,” मिहिकाने फोन उचलला, “मला सोबा एवढंच कळलं” हे ती इंग्रजीत म्हणाली, आणि बोटाने वर सरकवत माझ्या मेसेजवर थांबली. “व्हॉट इज राहूका? आय गूगल्ड इट. आय थॉट इट वॉज अ रेस्टॉरंट. देअर इज नो राहूका इन दुबई.” तिने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “रीड इट आउट, बाबा. आय कान्ट रीड धिस स्टफ,” ती म्हणाली.

ऐकलेलं मराठी तिला सगळं कळतं. मी वाचायचाच अवकाश होता. मी राहूका हे एका सॉसचं नाव आहे असंही सांगू शकलो असतो. माझा अंगठा वाटीच्या कडेवरून फिरत होता. काचेमागे आचाऱ्याने नवं पीठ काढलं होतं.

“एक अक्षर राहिलंय त्यात,” मी म्हणालो. “शेवटचा टी. तुझ्यासोबत राहू का, असं आहे ते.”

तिने स्क्रीन स्वतःकडे फिरवला आणि ओठ हलवत वाचलं. मग पुन्हा वाचलं. “सोबत,” ती म्हणाली. “राहू का. यू मीन लिव्ह?”

“रिटायर झाल्यावर. पुण्याला एकट्याने राहायची मला भीती वाटते, मिहिका. म्हणून विचारलं होतं.”

तिच्या चेहऱ्यावरची मजा एकदम गेली नाही. हळूहळू, दिवे एकेक करून मालवावेत तशी गेली. तिने जेवायच्या काड्या उचलून त्यांच्या छोट्या टेकणावर सरळ ठेवल्या. त्या सरळ होत्याच, तरी पुन्हा सरळ केल्या. मला वाटलं ती म्हणेल, बाबा, लेट मी थिंक. मी त्यालाही तयार होतो. ती बोलली तेव्हा खाली पाहत, एकेक शब्द शोधून, चाचपून ठेवत बोलली, आणि मराठीत बोलली.

“बाबा, तुम्ही नका येऊ राहायला. मला नाही जमणार. घरात तुम्ही असलात की मी हळू चालते. अजून. तुम्ही मॉलमध्ये भेटता ना शनिवारी, तेव्हासुद्धा मी हळू चालते. आज पहिल्यांदा नाही चालले. मला आता तसं नाही राहायचं. मी खोटं नाही बोलणार तुमच्याशी.”

उच्चार स्वच्छ होते. ळ नीट होता. उर्मिलासारखा किंचित हेलही होता. ती काय म्हणाली ते मला कळलं होतं, आणि ते बरोबर आहे हेही कळत होतं, पण मी पहिल्या वाक्यातच अडकलो होतो. तुम्ही. लहानपणी ती मला अरे बाबा म्हणायची. अरे बाबा, तू आलास, तू थांब ना, तू हे बघ ना. मग शाळेत ती वरच्या वर्गांत गेली, इंग्रजी सुरू झालं, आणि तू गेला तो यूमध्ये. इंग्रजीत एकच यू असतो. त्याच्या आत तू आहे की तुम्ही हे बाहेरून दिसत नाही. अठरा वर्षं तिच्या प्रत्येक यूच्या जागी मी मनातल्या मनात तू ऐकत आलो होतो. हाउ आर यू, बाबा, म्हणजे कसा आहेस तू. केव्हा बदललं ते कुणी सांगितलं नाही. कुठल्यातरी मंगळवारी-बुधवारी झालं असेल, जेवताना, बोलताबोलता; मी रुवैसला असेन. उर्मिलाला कळलं असेल आणि तिला ते आदराचं वाटून बरं वाटलं असेल.

“बाबा, काहीतरी बोला ना,” मिहिका म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

मला बोलायचं होतं. पण मराठीत बोललो असतो तर तिच्या त्या तुम्हीला उत्तर म्हणून मला तिला तू म्हणावं लागलं असतं.

“नो इश्यूज,” मी म्हणालो. “नो इश्यूज ॲट ऑल. यू आर राइट.” मग ती रडायला लागली, आणि मी बराच वेळ तिला इंग्रजीतूनच समजावत राहिलो.